सेफ्टी स्विचनं जिना थांबवला, पण चप्पल आत गेलीच कशी?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात नवी पेठेत तीन मजली कापडाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे सरकता जिना बसवला. मागच्या महिन्यात खाली उतरताना एका लहान मुलीची रबरी चप्पल पायरीच्या कडेला अडकली. जिना आपोआप थांबला, मुलीला खरचटलंसुद्धा नाही. देखभालीचा मेकॅनिक आला, चप्पल काढली, किल्ली फिरवून जिना चालू केला आणि म्हणाला, "सेफ्टी स्विचनं काम केलं, म्हणजे तुमचा जिना ओके." मालकांना विचारायचंय की हे खरं का, वस्तू अडकू नये म्हणून जिन्यात नेमकी काय सोय असते, आणि वरच्या मजल्यावर घरसामान सुरू करायचं असल्यानं ट्रॉलीसकट चढता येईल असा सरकता पट्टा बसवावा का.

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्विच चालला हे चांगलंच झालं. पण स्विच चालला याचा अर्थ चप्पल फटीत शिरून त्यानंतर यंत्राला ते कळलं. सरकत्या जिन्यावरची साधनं मी नेहमी दोन ढिगांत वेगळी करतो. एक, जी वस्तूला आत शिरूच देत नाहीत: पायरी आणि बाजूची पट्टी यांच्यातल्या फटीचं माप, त्या पट्टीचा म्हणजे स्कर्टचा गुळगुळीतपणा, तिच्यावरचा ब्रश, टोकाच्या फणीचे दाते. दुसरी, जी शिरल्यावर जिना थांबवतात: सगळे स्विच. विकताना दुसऱ्या ढिगाची यादी मोठी करून दाखवतात, कारण ती कंट्रोल पॅनेलवर दिसते आणि तिचे फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचे क्रमांक, येतात. पाय वाचतो तो मुख्यतः पहिल्या ढिगामुळे, आणि तो ढीग म्हणजे मिलिमीटर, साफसफाई आणि घासण्याचा हिशेब.

सोलापूरकरांना हे समजावायला मागावर जावं लागतं. ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की त्यावर टांगलेला ड्रॉपर, म्हणजे धातूची छोटी पट्टी, खाली पडतो आणि माग थांबतो. म्हणून माग चांगला आहे असं कोणी कारखानदार म्हणत नाही. तो विचारतो, धागा तुटलाच का, सूत कच्चं होतं की ताण जास्त होता. दिवसात दहा वेळा ड्रॉपर पडू लागला तर तो ड्रॉपरचं कौतुक करत बसत नाही. तुमच्या जिन्याचंही तसंच बघायचं.

आधी हे अडकणं होतं कसं ते बघू. पायरी चालते. तिच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली स्टीलची पट्टी, जिला आम्ही स्कर्ट म्हणतो, ती जागची हलत नाही. चालत्या आणि स्थिर भागांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर पायरी घासेल. आता मऊ रबराची चप्पल घातलेलं पोर कडेला उभं राहतं आणि चप्पलेची बाजू स्कर्टला टेकते. पाय पायरीबरोबर पुढे चाललेला असतो, पण स्कर्टला टेकलेला रबराचा भाग तिथेच चिकटून राहू पाहतो. रबर ताणलं जातं, पातळ होतं, दुमडतं आणि फटीत ओढलं जातं. कडक चामड्याच्या चपलेला हे सहसा होत नाही, कारण चामडं स्कर्टवरून घसरतं आणि फटीत जाण्याइतकं वाकत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मे २००८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जानेवारी २००६ पासून अडकण्याच्या ७७ घटना त्यांच्याकडे आल्या होत्या, आणि दोन सोडून बाकी सगळ्यांत पायात मऊ, लवचीक क्लॉग (पुढून बंद) किंवा स्लाइड (नुसती सरकवायची) चप्पल होती. आपल्याकडची पोरांची रंगीत रबरी पादत्राणं त्याच जातीची.

जिन्यावर उतरायच्या टोकाला धोका जास्त, मग जिना चढणारा असो की उतरणारा. मधल्या उतारावर पायऱ्या एकमेकींना धरून सरळ चाललेल्या असतात. टोकाशी येताना त्या सपाट होऊ लागतात, म्हणजे शेजारशेजारच्या पायऱ्या एकमेकींच्या तुलनेत वरखाली सरकतात. पायाच्या बोटापुढची किंवा टाचेमागची उभी बाजू तिथे बघता बघता नाहीशी होते. पाय आधीच कडेला अडकलेला असेल तर तो या वळणावर आणखी आवळला जातो आणि तसाच फणीपर्यंत नेला जातो. तुमच्याकडे चप्पल नेमकी कुठे अडकली होती ते कर्मचाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ती माहिती मेकॅनिकला फार उपयोगाची असते, आणि तीच सहसा कोणी विचारत नाही.

आता माप. युरोपच्या ईएन ११५ या मानकात पायरी आणि स्कर्ट यांच्यातली फट एका बाजूला ४ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू मिळून ७ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. दोन्ही अटी एकत्र समजून घ्या. पायरी बाजूला सरकू शकते, म्हणून एका बाजूला २ मिमी दिसली की खूश व्हायचं नसतं. दुसऱ्या बाजूला तेव्हा ५ असेल तर बेरीज सातच भरते, पण तो जिना नापासच. आपल्याकडे बसवलेले बरेच जिने याच मानकाला धरून बांधलेले असतात. तुमच्या कागदपत्रांत कोणतं मानक लिहिलंय ते बघा आणि त्याच आकड्यांवर बोट ठेवून बोला.

मोजायचं फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकानं, जिना बंद करून, किल्ली काढून, दोन्ही टोकांना अडसर लावून. पायरीला हातानं एका बाजूला दाबून धरायचं आणि सुटलेल्या बाजूची फट मोजायची, मग उलट बाजूनं तेच. एका जागी मोजून भागत नाही. वरचं वळण, मधला उतार, खालचं वळण, आणि स्कर्टचे दोन तुकडे जिथे जुळतात त्या प्रत्येक सांध्याजवळ. नवा जिना मापात असतो. नंतर पायरीला बाजूनं धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे गाइड झिजतात आणि पायरी डुलू लागते. स्कर्टचे स्क्रू सैल होतात आणि पट्टी आतून आधार सोडते. मानक सांगतं की स्कर्टवर २५ चौरस सेंटिमीटरच्या जागेवर १५०० न्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलोचा जोर दिला, तरी पट्टी ४ मिमीपेक्षा जास्त आत जाऊ नये आणि नंतर वाकलेली राहू नये. हा आकडा उगाच नाही. पाचर बसल्यासारखा पाय अडकतो तेव्हा पट्टी मागे हटली तर फट वाढते आणि पाय आणखी आत जातो. रिकाम्या जिन्यावर ३ मिमी दिसणारी फट जोर आल्यावर किती होते, खरा प्रश्न तो आहे. अमेरिकी मानक, एएसएमई ए१७.१, म्हणूनच भार देऊन फट मोजायला लावतं, आणि स्कर्ट किती घासतो याचा आकडा त्या फटीशी जोडून एक निर्देशांक काढतं. जास्त घासणारी पण अरुंद फट आणि कमी घासणारी पण रुंद फट, दोन्हीचा धोका एकत्र मोजायची ती पद्धत मला पटते.

घासण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण दुकानदाराच्या हातात सगळ्यात जास्त असलेली गोष्ट हीच आहे. स्कर्टवर कारखान्यातून कमी घर्षणाचा लेप असतो, किंवा तो अधूनमधून सिलिकॉनच्या द्रव्यानं पुसावा लागतो. आपल्याकडे मार्चपासून उन्हाळा चढतो, धूळ उडते, कापडाच्या दुकानात तर सतत तूस उडत असतो. त्यात सफाईवाले फिनेलच्या पाण्यानं जिना पुसून काढतात. लेप निघून जातो, स्कर्टवर फिनेल आणि धुळीचा चिकट थर बसतो आणि रबर तिथे आणखी धरतं. ओलं फडकं पिळून सगळ्या कडा चकचकीत केलेला जिना दिसायला देखणा असतो, पण बोट फिरवून बघा, ते अडखळतं. स्कर्ट कोरड्या कपड्यानं पुसायचा आणि कंपनीनं सांगितलेलंच द्रव्य पातळ लावायचं. कपड्यावर घेऊन लावायचं, थेट फवारायचं नाही. नाहीतर तेच पायरीवर सांडून माणसं घसरतील. घरातलं खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल लावणारेही बघितलेत. तेलावर तूस बसतो आणि महिन्याभरात त्याचा लगदा होतो.

हा लगदा नुसता अस्वच्छ नसतो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर १८ नोव्हेंबर १९८७ ला लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि ३१ माणसं गेली. पेटती काडी पायरी आणि स्कर्टच्या फटीतून खाली पडली, आणि खाली ग्रीस आणि तंतूंचा साठलेला थर होता. आजचे जिने धातूचे आहेत, ती आग जशीच्या तशी होणार नाही. तरी कापडाच्या दुकानात जिन्याच्या खालचा खड्डा आणि ट्रे वेळच्या वेळी साफ झाले पाहिजेत. वार्षिक देखभालीच्या करारात (एएमसी) ते शब्दांत लिहून घ्या. "सर्व्हिसिंग" एवढ्या शब्दात ते येत नाही.

पुढे ब्रश. स्कर्टवर दोन्ही बाजूंनी लावलेली काळ्या केसांची पट्टी. बूट पुसायला ती आहे असं निम्म्या गावाला वाटतं आणि माणसं मजेनं तिच्यावर बूट घासतात. तिचं काम वेगळंच आहे. कडेला सरकणाऱ्या पायाला केस लागले की माणूस नकळत पाय आत घेतो. ईएन ११५ नुसार ही पट्टी स्कर्टपासून किमान ३३ आणि जास्तीत जास्त ५० मिमी बाहेर यायला हवी. त्यात आधी कडक भाग आणि पुढे लवचीक केस. उतारावर ती पायरीच्या कडेच्या रेषेपासून साधारण २५ मिमी वर असते. फणीच्या आधी ती थोडी अलीकडे संपते, नाहीतर तिचं टोकच अडकायचं कारण होईल.

ब्रशबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, तो फट बुजवत नाही. केस दाबले गेले की खाली फट तशीच उघडी असते. म्हणून केस झडलेला, मध्येच तुटलेला किंवा सफाईत वाकलेला ब्रश म्हणजे असून नसल्यासारखा. हात फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात, अर्थात जिना बंद असताना. दुसरी, तो कपड्यावर चालत नाही. पायाला केस जाणवतात, लोंबणाऱ्या ओढणीला कसे जाणवणार? कापड केसांवरून किंवा केसांमधून सहज खाली जातं. ब्रश बसवला म्हणून साडीची काळजी संपली असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

आता तो स्विच, ज्यानं तुमचा जिना थांबवला. बहुधा स्कर्टच्या पट्टीमागे, टोकांजवळ बसवलेला छोटा मायक्रोस्विच. पट्टी आत दाबली गेली की सर्किट तुटतं आणि ब्रेक लागतो. अमेरिकी मानकात तो सक्तीचा आहे. ईएन ११५ चा भर फट, स्कर्टचा कडकपणा आणि ब्रश यांवर आहे, पण बऱ्याच कंपन्या तरीही तो देतात. तुमच्याकडे किती आहेत आणि नेमके कुठे आहेत ते विचारा. पुष्कळदा ते फक्त वर-खाली टोकांजवळ असतात, मधल्या सगळ्या उतारावर एकही नसतो. मग मध्येच काही अडकलं तर ते टोकापर्यंत ओढलं जाईपर्यंत यंत्राला काही कळत नाही.

आणि कळल्यावरसुद्धा जिना जागच्या जागी थांबत नाही, थांबूही नये. ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाचा जिना ब्रेक लागल्यावर कमीत कमी २० सेंटिमीटर आणि जास्तीत जास्त एक मीटर अंतरात थांबायला हवा, असं मानक म्हणतं. खालची मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. एकदम थांबला तर वरची माणसं एकमेकांवर कोसळतील. म्हणजे स्विच उत्तम चालला तरी अडकलेली वस्तू आणखी वीतभर तरी पुढे जाणारच. त्या मुलीच्या बाबतीत चप्पल पायातून सुटली, म्हणून ती वीतभर वाट चपलेनं पार केली. पट्ट्याची सँडल असती तर पायानं केली असती. "सेफ्टीनं काम केलं" हे वाक्य म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही.

खरं तर तो स्कर्टचाच स्विच होता की फणीचा, हेही तपासा. कंट्रोल पॅनेलमध्ये फॉल्ट कोड साठवलेला असतो. मेकॅनिकनं किल्ली फिरवण्याआधी तो वहीत लिहायला हवा होता. आता तरी त्याला नोंदी उघडून दाखवायला सांगा, आणि त्या तारखेच्या आधीही तोच कोड पडला होता का ते बघा. कर्मचारी "मध्येच बंद पडतो, परत चालू करतो" असं सहज सांगतात, तेव्हा त्यातल्या काही वेळा कोणाची तरी चप्पल नाहीतर साडीचा काठ दाबला गेलेला असतो.

फणी म्हणजे जिन्याच्या दोन्ही टोकांना पिवळ्या किंवा चंदेरी दातांची जी पट्टी दिसते ती, कोम्ब प्लेट. पायरीवर लांबीनं खाचा असतात, ५ ते ७ मिमी रुंद आणि किमान १० मिमी खोल. फणीचे दाते त्या खाचांत किमान ४ मिमी खाली उतरलेले असतात, म्हणून पायरी खाली जाताना पाय, बूट, पिशवी सगळं दात्यांवरून वर उचललं जाऊन पलीकडे सरकतं. दाते तुकड्या-तुकड्यांत बसवलेले असतात आणि जोर आला की ते मोडावेत अशीच रचना असते. दाता मोडणं स्वस्त, पायरी मोडणं महाग. पण मोडलेला दाता तसाच ठेवला की तिथे लगेच बोट जाईल एवढी जागा तयार होते. शेजारचे दोन गेले तर जिना बंद ठेवायचा, पार्ट येईपर्यंत. लग्नसराईच्या शनिवारी हे सांगायला मेकॅनिक कचरतो आणि ऐकायला मालक. फणीखाली स्वतंत्र स्विच असतो. काही अडकून फणी मागे ढकलली गेली किंवा वर उचलली गेली की जिना थांबतो. हा स्विच दोन्ही दिशांना चालतो का, हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. गंज आणि फिनेलच्या पाण्यानं फणीची चौकट जागच्या जागी धरून बसते, मग ढकललं तरी सरकत नाही. असे जिने मी पुष्कळ बघितलेत.

कपड्यांचं मुख्य दुखणं फणीशी आहे. नऊवारीचा काष्टा असल्यानं ती पायाला धरून असते. पाचवारीचा मागचा काठ टाचेमागे लोळतो आणि पदराचे गोंडे तर खाचेत जायला बनवल्यासारखे बारीक असतात. तुमच्या दुकानात मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडून लग्नाचा बस्ता बांधायला कुटुंबंच्या कुटुंबं येतात. त्यात सरकत्या जिन्यावर पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या आजी असतात आणि त्यांना बघत उभ्या राहिलेल्या परकर-पोलक्यातल्या मुली. गर्दीच्या दिवसांत दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा ठेवा, जो पदर आवरायला सांगेल आणि आजीला लिफ्टकडे नेईल. कोणत्याही स्विचपेक्षा तो माणूस आधी बघतो. त्याच्या हाताशी जिना थांबवायचं लाल बटण आणि खिशात कात्री हवी. कापडाच्या दुकानात कात्रीला काय तोटा!

काही अडकलंच तर करायचं एवढंच: लाल बटण दाबायचं, माणसाला धरायचं, कापड असेल तर कापायचं, चप्पल असेल तर पाय त्यातून सोडवायचा. ओढाओढ करायची नाही. आणि किल्लीनं जिना उलटा फिरवून "सोडवून बघू" हे तर मुळीच नाही. उलटं फिरल्यावर अडकलेला पाय सुटेलच असं नसतं, तो दुसऱ्या बाजूनं आवळला जाऊ शकतो. पाय आतच धरला गेला असेल तर वाट पाहायची. प्रशिक्षित माणूस मोटर बंद ठेवून, ब्रेक सोडून, हातानं चाक फिरवून पायरी हलवतो, किंवा स्कर्टची पट्टी उघडतो.

हँडरेलबद्दल थोडक्यात. रबरी कठडा जिथे खाली जाऊन आत शिरतो, तिथे लहान मुलांची बोटं जातात. त्या तोंडाशी लवचीक कॉलर आणि आत स्विच असतो. बोटाच्या जोरानं कॉलर दबली की जिना थांबायला हवा, आणि हे दर महिन्याला तपासून घ्या. हँडरेल पायरीपेक्षा मागे पडू नये, फार तर २ टक्के पुढे चालावी, एवढी मुभा आहे. मागे पडली तर हात मागे राहतो आणि माणूस मागच्यावर पडतो.

दुकानांत ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ती जागा म्हणजे जिना वरच्या मजल्याच्या स्लॅबला जिथे छेदतो तो कोपरा. जिना तिरका वर जातो आणि स्लॅबची कड आडवी असते, त्यामुळे दोघांत निमुळता कोन तयार होतो. बाहेर डोकावणारं पोर वर जाता जाता त्या कोनात मान किंवा हात घालतं. हँडरेलपासून अडथळ्यापर्यंत ४०० मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर तिथे उभी, गुळगुळीत, बोथट कडांची ढाल हवी, किमान ३०० मिमी उंच. बहुतेक ठिकाणी ती पारदर्शक त्रिकोणी प्लॅस्टिकची असते. बसवताना ती असते, मग कधीतरी तडा जातो, काढून ठेवली जाते आणि परत येतच नाही. आणि जिथे मुळात असा कोन नव्हता तिथे दुकानवाले स्वतः तयार करतात. दिवाळीत कठड्याला लागून पुतळा उभा करतात, गणपतीत तोरणाच्या माळा जिन्याच्या वाटेवर सोडतात, सेलच्या वेळी रॅक पार हँडरेलला टेकवतात. जिन्याच्या पायऱ्यांवर डोक्यापर्यंत २.३ मीटर मोकळी उंची हवी. सजावटवाल्याला हा आकडा आधीच लिहून द्या.

खालच्या-वरच्या झाकणाचं एकच सांगतो. जुलै २०१५ मध्ये चीनमधल्या जिंगझौ शहरात एका मोठ्या दुकानात जिन्याच्या वरच्या टोकाचं फरशीचं झाकण नीट बसवलेलं नव्हतं. मुलाला घेऊन वर आलेली आई त्यातून खाली गेली आणि जिवाला मुकली. नव्या मानकात झाकण उघडं असेल तर जिना चालूच होऊ नये यासाठी स्विच मागितला जातो. जुन्या जिन्यावर तो नसतो. देखभालीनंतर झाकणाचे चारही कोपरे पायानं दाबून बघणं तुमच्या माणसालाही जमेल. पायरी गायब असेल किंवा खचली असेल तर जिना थांबवणारे सेन्सरही असतात. ते आहेत का एवढं विचारून घ्या.

आता कायदा. १९३९ चा मुंबई लिफ्ट अधिनियम जाऊन महाराष्ट्र लिफ्ट, एस्केलेटर आणि मूव्हिंग वॉक अधिनियम, २०१७ आला. तेव्हापासून सरकते जिने आणि पट्टेही स्पष्टपणे परवान्याच्या कक्षेत आले. तुमच्या जिन्याला चालवण्याचा परवाना आणि ताजा तपासणी अहवाल असायला हवा. नसेल तर ते काम आधी. घटना लहान असली तरी तारीख, वेळ, जागा, फॉल्ट कोड आणि काय दुरुस्त केलं हे वहीत लिहा. निरीक्षक आले की तीच वही तुमच्या उपयोगी पडेल.

मेकॅनिकला उद्या बोलावून काय करून घ्यायचं ते सांगतो. पूर्ण लांबीची फट दोन्ही बाजूंनी, भार देऊन, कागदावर. झिजलेले गाइड बदलणं. स्कर्टची पट्टी काढून मागचे आधार घट्ट करणं आणि स्विचचं अंतर लावणं. ब्रश जिथे झडला आहे तिथे नवा तुकडा. फणीचे दाते मोजणं आणि चौकट मोकळी करणं. थांबण्याचं अंतर रिकाम्या जिन्यावर मोजून लिहिणं. हे एका सकाळचं काम नाही, पूर्ण दिवस लागतो आणि जिना बंद राहतो. नवी पेठ ज्या दिवशी शांत असते तो दिवस निवडा.

राहिला ट्रॉलीचा पट्टा. तिथे पायऱ्या नसतात, एकमेकींना जोडलेल्या सपाट फळ्या, म्हणजे पॅलेट, असतात, त्यामुळे पायऱ्यांमधला उभा भाग आणि त्यात बोटं चेपणं हा प्रकार उरत नाही. स्कर्टची फट, ब्रश, फणी हे सगळं मात्र तिथेही लागतं. उताराची कमाल मर्यादा १२ अंश आहे. ट्रॉलीची चाकं खास असतात, खाचांत बसून ट्रॉली जागच्या जागी धरली जाते आणि फणीवर आल्यावर चाक वर उचललं जाऊन ती सुटते. चाक आणि खाच एकमेकांसाठीच बनलेली हवीत. दुसरीकडून स्वस्तात आणलेल्या ट्रॉल्या एकतर उतारावर घसरतात किंवा फणीवर अडतात. ट्रॉली फणीवर अडली की मागची ट्रॉली तिच्यावर, त्यामागे माणूस, आणि पट्टा चालूच असतो. म्हणून फणीच्या अलीकडे हाताशी येईल असं जादा लाल बटण आणि उतरल्यावर मोकळी जागा लागते. साध्या सरकत्या जिन्यालाही कठड्याच्या टोकापुढे अडीच मीटर मोकळं ठेवायला सांगितलेलं आहे. ट्रॉलीला त्याहून जास्त ठेवा, आणि तिथे ऑफरचं टेबल लावू नका. सध्याच्या पायऱ्यांच्या जिन्यावर ट्रॉली किंवा बाबागाडी नेऊ देऊ नका, तिथे खांब रोवून वाट अरुंद करा.

पण पट्ट्याआधी जागा मोजा. दोन मजल्यांमधली उंची साडेचार मीटर धरली, तर १२ अंशात चढायला नुसती तिरकी वाटच २१ मीटर आडवी जागा घेते. दोन्ही टोकांचे सपाट भाग आणि मोकळी जागा वेगळी. नवी पेठेतल्या दुकानांना एवढी खोली सहसा नसते, मध्ये वळण घेऊन दोन पट्टे घालायचे तर निम्मं दुकान त्यातच जाईल. अशा जागेत मालाची एक मोठी लिफ्ट आणि ट्रॉल्या वरच्याच मजल्यावर ठेवणं हे मी सुचवीन. होटगी रोडकडे नवी इमारत बांधणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा पट्ट्याचं माप आर्किटेक्टला स्लॅबचं सळई-काम सुरू व्हायच्या आधी द्या.